खोड सांगा, मग ड्रोन विका

“समदे दावले तुमी, मंग माझा मालक कुठंय?” शेवंताबाईंनी स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

खन्नासाहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. खन्ना हे ड्रोन विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे सेल्स हेड. एप्रिलच्या भर दुपारी, पूर्णेच्या काठावर, कोट घालून आले होते. त्यांचा ड्रोन नुकताच नदीच्या पात्रावरून फेरी मारून आला होता. पात्रात जिथं माणूस असेल तिथं स्क्रीनवर आपोआप हिरवा चौकोन उमटायचा. चौकोन भरपूर उमटले होते. एक शेळीभोवती होता, एक खडकावर वाळत घातलेल्या गोधडीभोवती होता. पण शेवंताबाईंचे यजमान, म्हणजे काठावरच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक धनसिंग राठोड, एकाही चौकोनात नव्हते.

“वो वहाँ होंगे ही नहीं, मॅडम,” खन्ना मला म्हणाले. “हमारा सॉफ्टवेअर किसी को मिस नहीं करता.”

“न्हाई कसे? मीच धाडलं ना त्यांना सकाळी! माझ्या शब्दाबाहेर जात न्हाईत ते,” शेवंताबाई म्हणाल्या.

मागं उभे असलेले आमचे साहेब खोकले. मी हसू कसंबसं दाबलं. आता हा काय प्रकार होता, ते पहिल्यापासून सांगते.

मी हिंगोलीत एका सरकारी ऑफिसात खरेदी बघते. ऑफिसचं नाव सांगत नाही, अजून नोकरीत आहे. ताडपत्र्या, दोर, लाइफ जॅकेट, जनरेटर, जे लागेल ते नियमानं घेणं हे माझं काम. लोकांना वाटतं, खरेदी म्हणजे काय मजा! अहो, स्वतःच्या पैशाची साडी घेताना आपण सगळा बाजार पालथा घालतो. दुसऱ्यांच्या पैशानं घ्यायची म्हटल्यावर किती हिंडावं लागत असेल, तुम्हीच विचार करा.

ड्रोन घ्यायला कारण शेवंताबाईच. उन्हाळ्यात खालच्या गावांना प्यायला पाणी हवं म्हणून धरणातून नदीत पाणी सोडतात. सोडण्याआधी भोंगा वाजतो. पण उन्हाळ्यात अर्धा संसार पात्रातच असतो. कुणी धुणं धुतंय, कुणी डोहात म्हशी घातल्यात, कुणी मासे धरतंय, कुणी सावली बघून आडवं झालंय. आदल्या वर्षी भोंगा अगदी वेळेवर वाजला, पण वारा उलटा होता. शेवंताबाई वळणापलीकडं गोधड्या धुवत होत्या. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. पाणी आलं तशा त्या एका खडकावर चढल्या आणि दुपारभर चहूबाजूंनी पाणी बघत तिथंच बसून राहिल्या. शेवटी बोटीनं काढलं. मी लाइफ जॅकेट घेऊन काठावर गेले होते. मला वाटलं, बाई रडेल, जिवंत राहिले म्हणून हात जोडेल. छे! बोटीतून उतरल्या त्याच भांडत.

“भोंगा वाजवून तुमी मोकळे. नदीत कोन राह्यलं, कोन न्हाई, हे बघायला कोन येऊन राहिलं? माझ्या दोन शेळ्या गेल्या. मी गेले असते म्हंजे?”

बोलणं बरोबर होतं. वळणापलीकडं बघायला कुणाकडं साधनच नव्हतं. मग ठरलं, की पाणी सोडायच्या आधी ड्रोन पाठवून खालचं पात्र बघायचं. कुणी दिसलं तर ड्रोनच्या स्पीकरवरून बाहेर निघायला सांगायचं. मंजुरी मिळाली आणि फाइल माझ्या टेबलावर आली. ती फाइल उघडली की मला खडकावर बसलेली बाई दिसायची. मी चुकीचं यंत्र घेतलं तर पुढच्या माणसाला चढायला खडक मिळेलच, असं कुणी सांगावं?

फाइलच्या पाठोपाठ खन्ना आले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब पुण्याचे. सरळ माणूस, पण प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी होती, असा स्वभाव.

“मॅडम, तुमचं काम सोपं झालं,” साहेब म्हणाले. “खन्नांनी स्पेसिफिकेशन तयारच करून आणलंय. टेंडरला जोडून टाका.”

स्पेसिफिकेशन म्हणजे आपल्याला वस्तू कशी हवी त्याचं वर्णन. ते घेणाऱ्यानं लिहायचं असतं. मी उभ्या उभ्या वाचलं. ड्रोनचं वजन ग्रॅमपर्यंत दिलेलं. पात्याची लांबी, पेटीचा रंग, बॅटरीच्या खाचेचं माप. नदीत माणूस शोधायचाय, हे मात्र कुठंच नव्हतं.

“साहेब, हे म्हणजे नवरदेव ठरवून मग स्थळं बघायला निघाल्यासारखं झालं. ह्या मापात ह्यांचाच ड्रोन बसतो.”

“असं?” साहेबांनी चष्मा लावला. “मला वाटलं, टेक्निकल आहे म्हणून इतकं बारीक असेल.”

“टेक्निकलच आहे. खन्नासाहेबांच्या सोयीचं टेक्निकल आहे.”

खन्ना मोठ्यानं हसले. माणूस बरा होता, राग धरला नाही. “मॅडम, हम तो मदद कर रहे थे.”

“उपकार झाले. चहा घ्या आणि टेंडर भरा,” मी म्हटलं.

मग मी आमचं काम काय ते लिहून काढलं. वळणावळणाचं पात्र, काठाला बाभळी, उन्हाळ्याची दुपार, पावसाळ्यातला वारा. ह्यात माणूस सापडला पाहिजे, मग तुमची पेटी काळी असो की गुलाबी. गाडीला नंबर लागतो तसा ड्रोनला सरकारी नंबर लागतो, ड्रायव्हरला लायसन लागतं तसं उडवणाऱ्यालाही लागतं. तेही घातलं. आमच्याच कर्मचाऱ्यांना शिकवून लायसन मिळवून द्यायचं, हेही घातलं. नाहीतर यंत्र आपलं आणि चालवायला माणूस दरवेळी कंपनीचा, असले प्रकार पुष्कळ बघितलेत.

तरी मन खात होतं. ड्रोनमधलं मला कळत नाही, साहेबांना कळत नाही. माहितीपत्रकं वाचावीत तर प्रत्येक कंपनीचा ड्रोन सर्वगुणसंपन्न. उपवर मुलींच्या बायोडेटातसुद्धा एवढे गुण नसतात. न कळणारी वस्तू पारखायची कशी?

त्याच आठवड्यात मी माहेरी, जवळा बाजारला गेले होते. बाजाराचा दिवस होता. भाऊ बैलजोडी बघायला निघाला, मीही पायात चपला सरकवल्या. एक जोडी त्याच्या मनात भरली. विकणारा म्हातारा आधीच म्हणाला, “हे बघा, डावा सरळ हाय. उजव्याला खोड हाय. वाहत्या पान्यात पाय टाकत न्हाई, कितीबी मारा. आत्ताच सांगतो, मागून बोल लावू नगा.”

आमच्या बैलबाजाराची ही रीतच आहे. खोड म्हणजे जनावराची वाईट सवय. ती विकणाऱ्यानं आधी सांगायची. सांगितलेली खोड घेणाऱ्यानं पदरात घ्यायची. लपवलेली निघाली तर बैल परत, आणि पुढच्या बाजारी त्या माणसाच्या दावणीकडं कुणी फिरकत नाही. भावानं ती जोडी घेतली. “आपल्या वावराच्या वाटंत नदीच न्हाई, मंग काहून सोडू?” म्हणाला.

मी तिथंच, शेणामुतात उभी राहून, माझ्या टेंडरची अट ठरवली.

सोमवारी साहेबांपुढं कागद ठेवला. कोणकोणत्या परिस्थितीत आपलं यंत्र चालत नाही, हे प्रत्येक विक्रेत्यानं स्वतः लेखी द्यायचं. लिहून दिलेली उणीव आपल्याला चालण्यासारखी आहे का, ते आपण बघू. न लिहिलेली उणीव ट्रायलमध्ये सापडली तर तो बाद. ट्रायल म्हणजे घेण्याआधी वापरून बघणं.

साहेबांनी दोनदा वाचलं. “ऑडिटवाले विचारतील, ही अट कुठून आणली?”

“बैलबाजारातून आणली एवढं सांगू नका, म्हणजे झालं.”

“पण मॅडम, स्वतःच्या मालाची खोड कोण लिहून देईल?”

“तेच तर बघायचंय, साहेब. सगळ्यांना एकच अट आहे, आधीच कळवतोय. अन्याय कुणावर नाही.”

साहेबांनी कागद पुढं ओढला आणि सही केली. नवीन अटीवर सही करायला सरकारी माणसाला छाती लागते. त्या सहीसाठी मी त्यांना आजही मानते.

टेंडर निघायच्या आधी मी तांड्यावर गेले. ज्यांच्यावर वरून नजर ठेवायची त्यांना विचारायला नको का? साहेब म्हणाले, असं नियमात नाही. मी म्हटलं, मनाई पण नाही. नाईकांच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. धनसिंग नाईक शांत माणूस. ते वाक्य सुरू करायचे आणि शेवंताबाई पुरं करायच्या.

“नदीवर आमच्या बाया...” नाईक म्हणाले.

“आमी बाया आंघोळी करतो!” शेवंताबाई म्हणाल्या. “हे वरून बघत राहिलं तर? फोटू कुनाकुनाच्या मोबाइलात जातील?”

मी म्हटलं, मी असं होऊ देणार नाही.

“तुमी चांगल्या हायत, बाई. तुमची बदली झाल्यावर?”

आता बोला! ह्या प्रश्नाला तोंडी उत्तर नसतंच. जे काही आहे ते टेंडरमध्येच लिहावं लागतं. मी लिहिलं. भोंगा वाजल्याशिवाय ड्रोन उडणार नाही. चित्रीकरण कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार नाही, आमच्याच मशीनमध्ये राहील आणि काम झालं की पुसलं जाईल. ड्रोन दुसऱ्या कुठल्याही कामाला द्यायचा नाही. आणि ट्रायल ह्याच नदीत, ह्याच माणसांवर होईल. एवढं घातल्यावर तांडा राजी झाला. राजी कसला, खूशच झाला.

“मंग आमी लपतो, त्याला धुंडू द्या!” शेवंताबाई म्हणाल्या.

“लपायचं नाही. रोज जसं बसता-उठता तसंच राहायचं. कोण कुठं आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक. परीक्षक तुम्ही.”

त्या दिवसापासून बाईंची मान जी ताठ झाली, ती अजून खाली आलेली नाही.

टेंडरला तीन जण आले. खन्ना, नागपूरचे एक वयस्कर गृहस्थ आणि नांदेडची फरहीन. फरहीन इंजिनिअर, भावासोबत छोटं वर्कशॉप चालवते, ड्रोन तिथंच जोडते. उणिवांच्या कागदावर खन्नांनी एकच शब्द लिहिला होता, ‘निरंक’. सरकारी कागदात सांगण्यासारखं काही नसलं की हा शब्द ठोकतात. नागपूरकरांनी थोडंफार लिहिलं होतं. फरहीननं पानं भरली होती. जोराचा वारा असला तर मी उडवत नाही. बॅटरी उन्हात लवकर उतरते. थर्मल कॅमेरा, म्हणजे अंगाच्या गरमीवरून माणूस ओळखणारा कॅमेरा, आपल्याकडं उन्हाळ्याच्या दुपारी फसतो, कारण खडक माणसाहून जास्त तापलेले असतात. झाडाखालचा माणूस सरळ वरून दिसत नाही, खाली उतरून तिरकं बघावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

साहेब हबकले. “मॅडम, ही मुलगी स्वतःचीच तक्रार करतेय! हिचा ड्रोन घ्यायचा कसा?”

“आणि ‘निरंक’वाल्यांचा?”

“तो वाचायला बरा वाटतो.”

“वाचायला बराच आहे, साहेब. नदीवर नेऊन बघू.”

तर अशा रीतीनं आम्ही त्या दुपारी नदीवर होतो, आणि नाईक सापडत नव्हते.

खन्नांनी ड्रोन परत पाठवला, ह्या वेळी थर्मल कॅमेरा लावून. स्क्रीनवर वाळू, खडक, गोटे, सगळं शिमगा पेटल्यासारखं लाल. त्या लालीत माणूस कुठला आणि दगड कुठला, देव जाणे. खन्नांच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते. मला कीव आली. म्हटलं, आधी कोट तरी काढा.

शेवटी शेवंताबाई उठल्या आणि काठाशी जाऊन बोट दाखवलं. “ते काय तिथं! त्या बाभळीखाली. घोंगडं पांघरून घोरून राहिलेत. एक पाय भायेर हाय, बघा.”

आम्ही सगळ्यांनी बघितलं. खरंच, एक पाय बाहेर होता.

“मॅडम, झाडाखाली कुठल्याच कंपनीला दिसत नाही,” खन्ना मराठीवर आले.

“असेल. मग लिहायचं होतं ना!”

“खामी लिखेंगे तो खरीदेगा कौन?” ते म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यांच्या धंद्यात आजवर त्यांना कुणी मालाची खोड विचारलीच नव्हती, त्यांचा तरी काय दोष? साहेब पुढं आले. “खन्नाजी, अट आधीच कळवली होती. सॉरी.” पुणेरी नेमकेपणा अशा वेळी बरा पडतो.

नागपूरकरांना झाडाखालचे सोडून बाकी सगळे सापडले. झाडाखालचे सापडणार नाहीत, हे त्यांनी लिहूनच दिलं होतं. काठावर का होईना, पास झाले. मग फरहीनची पाळी आली आणि नेमका वारा सुटला. धुळीचे लोट उठले. फरहीननं ड्रोन पेटीतून काढलाच नाही. खाली बसून राहिली.

“ही उडवतच नाहीये,” साहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

बैलबाजाराची अट माझी, आणि त्या अटीला पुरेपूर जागणारी पोरगी वाळूत बसलेली. वारा पडला नाही तर? मी तिच्याजवळ गेले. “पावसाळ्यात असाच वारा असला आणि पाणी सोडायचं असलं तर काय करायचं गं?”

“तो फिर ड्रोन नाही उडणार, मॅडम,” ती सरळ म्हणाली. “लिहून दिलंय मी. त्या दिवशी काठानं माणसं पाठवा. आत्ता उडवला तर नदीत जाईल, मग आधी ड्रोनलाच धुंडावं लागंल.”

साहेब ऐकत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या डायरीत काहीतरी लिहिलं. नंतर कळलं, वाऱ्याच्या दिवशी काठानं जायला माणसं नेमायचा आदेश त्यांनी तिथंच लिहून काढला होता. खोड ठाऊक असली की तिची सोय लावता येते. ‘निरंक’ची काय सोय लावणार?

शेवंताबाईंनी फडक्यात बांधलेल्या भाकरी सोडल्या. ठेचा असा होता की खन्नांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तेही मागून मागून खात होते. हरल्यावर भूक लागते माणसाला. खाणं होईतो वारा पडला.

फरहीननं ड्रोन उडवला. हिरवे चौकोन वगैरे काही नव्हते. ती ड्रोन खाली न्यायची, तिरका करायची, प्रत्येक झाडाखाली डोकावल्यासारखं बघायची. मेथी निवडावी तशी तिनं नदी निवडली. वेळ लागला, पण एकेक माणूस सापडत गेला. मानेपर्यंत पाण्यात बसलेला सापडला, म्हशीच्या आडचा सापडला, नाईकांचा पायही सापडला. शेवंताबाई दरवेळी “बराबर!” म्हणायच्या.

आता स्पीकर. फरहीननं घोषणा लावली. आमच्याच ऑफिसनं लिहून दिलेली. “सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, धरणातून पाण्याचा विसर्ग होणार असल्याने...” आवाज खणखणीत. पात्रातल्या एकाही माणसानं मान वर केली नाही!

साहेब घाबरले. “ऐकू जात नाहीये का?”

“जातंय की,” शेवंताबाई म्हणाल्या. “पर रोज कोनतरी येतंच ना भोंगा लावून. बियानंवाला येतो, भंगारवाला येतो, इलेक्शनवाला येतो. कोन ध्यान देतं? आना तो माईक हिकडं.”

आणि बाईंनी माईक हातात घेतला. तांड्याच्या बोलीत, एकेकाचं नाव घेऊन, कुणाचा बाप कोण, कुणाची सासू कोण, ह्या सगळ्याचा उद्धार करत त्यांनी आभाळातून जी तोफ डागली, ती मला शब्दशः कळली नाही हे बरंच झालं. पण पात्रातली झाडून सगळी माणसं उठली. म्हशीसुद्धा उठल्या. बाभळीखालचं घोंगडं उडालं आणि धनसिंग नाईक, आयुष्यभराच्या सवयीनं, आवाज कुठून आला ते न बघता थेट पळत सुटले.

काठावर येऊन धापा टाकत म्हणाले, “घरात हीच, तांड्यात हीच, आता आभाळातबी हीच. मानसानं झोपावं कुठं?”

आम्ही पोट धरून हसलो. फरहीन तर वाळूत बसलीच.

पुढचं नियमानं झालं. ट्रायलमध्ये पास झाले त्यांचेच दर उघडतात. त्यात ज्याचा सर्वात कमी तो एल-वन, काम त्याला. फरहीनचा दर कमी निघाला. नागपूरकरांचा कमी असता तर त्यांचा घेतला असता, आणि झाडाखाली बघायला माणसं पाठवली असती. ड्रोन आला. पेढे वाटायच्या आधीच पहिला फोन आला, वसमतला एका पुढाऱ्याच्या पुतण्याचं लग्न होतं. “ड्रोननं फक्त वरातीचं शूटिंग घ्यायचंय, मॅडमना सांगा.” साहेब फोनवर म्हणाले, “अहो, माझी फार इच्छा आहे, पण टेंडरमध्येच लिहिलंय ना.” फोन ठेवून त्यांनी इतका सुटकेचा निःश्वास टाकला की मला वाटलं, अट ह्यांच्यासाठीच घातली होती.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. पाणी सोडायचा दिवस. भोंगा वाजला. आमच्या ऑफिसातली आता लायसन मिळवलेली मुलगी ड्रोन उडवत होती. माईक शेवंताबाईंकडं. तांड्याची माणसं पहिल्या हाकेला बाहेर आली. ड्रोन पुढं वळणापलीकडं गेला आणि एका कपारीच्या सावलीत माणूस दिसला. कानात इअरफोन, तोंडावर टॉवेल, शेजारी मासे धरायचं जाळं. गाढ झोपलेला.

“ह्यो आपला न्हाई,” शेवंताबाई म्हणाल्या. “कोन्त्या गावचा काय म्हाईत.” नाव ठाऊक नाही, तर हाक कशी मारायची? मग सुरू झाल्या. “ए निळ्या लुंगीच्या! ऊठ रे! पानी येऊन राहिलं! ऊठ, आळशी रेड्या!”

तो हलेना. आमच्या मुलीनं ड्रोन खाली घेतला, इतका की पात्यांच्या वाऱ्यानं टॉवेल उडाला. माणूस धडपडून उठला, कानातलं निघालं आणि तोंडावर सगळी शेवंतावाणी आदळली. त्यानं आधी आभाळाला हात जोडले. मग पळाला. जाळं तिथंच टाकून पळाला, काठ चढला, आणि चढून मागं बघतोय तोवर ती कपार दिसेनाशी झाली. नुसतं गढूळ पाणी. शेवंताबाई माईक खाली ठेवून पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मीही तेच करत होते.

आठवड्यानं आमच्या ऑफिसात एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. लुंगी निळीच होती. विषय : आभाळातून झालेल्या अपमानाबाबत. अमुक दिवशी नदीत विश्रांती घेत असताना एका अनोळखी बाईनं आकाशातून मला चारचौघांत आळशी रेडा म्हटलं, माझं जाळं वाहून गेलं, तरी सदर बाईचं नाव कळवावं.

साहेबांनी अर्ज वाचला आणि गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडं पाठवला. मी गृहस्थांना खुर्ची दिली, चहा मागवला, बिस्किटं मागवली.

“ती बाई नाही, ती आमची अधिकृत सूचना आहे,” मी म्हटलं.

“मंग सूचनेला जरा नीट बोलायला लावा ना, मॅडम. आमालाबी इज्जत हाय.”

त्यांच्या अर्जावर मी आवकचा शिक्का मारला आणि पोच दिली. ते समाधानानं जिना उतरून गेले, मी खिडकीतून रस्त्यापर्यंत बघत राहिले. इतकी वर्षं खरेदी करतेय. वस्तू चांगली निघाली म्हणून आभाराचं पत्र आजवर कुणी आणून दिलेलं नाही, आणि मी वाटही बघत नाही. तक्रार करणारा स्वतःच्या पायांनी चालत आला, भांडला, चहा पिऊन परत गेला, की मी समजते, घेतलेली वस्तू कामाला आली.